निळीचं गोदाम

गुरुवारी सकाळी आठ वाजता अक्का गेली. तिनं चहाचा कप खाली ठेवला, "तम्मा, चष्मा," म्हणाली, आणि मी चष्मा घेऊन येईपर्यंत गेली. संध्याकाळी माती झाली. शुक्रवारी पालिकेचे इंजिनिअर आले.

अक्का ही माझी थोरली बहीण. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, कानडीत. आमच्या घरात कानडी दोनच कामांना वापरली जाई, लाड करायला आणि गप्प बसवायला. बाकीचा संसार मराठीत चाले. माझ्या वाट्याला दुसरी कानडी जास्त आली. "सुम्निरु," अक्का म्हणायची, म्हणजे गप्प राहा, आणि मी राहायचो. तिनं नोकरीची सगळी वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मी तितकीच वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. ती राजांच्या चुका काढायची, मी ऱ्हस्वदीर्घाच्या. लग्नं दोघांचीही झाली नाहीत. तिचं ठरवून, माझं आळसानं. निवृत्तीनंतर आम्ही एकाच खोलीत दोन टेबलं मांडली आणि तिच्या टेबलावर लिहिलेलं सगळं तपासायला माझ्या टेबलावर येऊ लागलं. शुद्धलेखन माझं, अर्थ तिचा, अशी वाटणी तिनंच करून टाकली होती.

इंजिनिअर तरुण होते. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. सतरंजीवर मांडी घालून बसले, पाणी प्यायले, अक्काच्या फोटोकडे बघून म्हणाले, "मॅडमनी आम्हाला लई पळवलं, सर. पण आता कोण पळवणार?" मग फरशीकडे बघत म्हणाले, "ही वेळ नाही, मला कळतं की. पण तेवढा मजकूर मिळाला असता तर."

मजकूर चार ओळींचा होता. तळ्याकाठी सुशोभीकरण चाललं होतं. फरसबंदी झाली होती, बाकं आली होती, व्यायामाची लोखंडी यंत्रं आली होती आणि त्यांच्यावर लोक टॉवेल वाळत घालू लागले होते. काठावरच्या जुन्या गोदामाची डागडुजी करून त्याच्या दाराशी इतिहास सांगणारा फलक लावायचा, आणि फलकाच्या तळाशी 'संशोधन' या शब्दापुढे अक्काचं नाव घालायचं, असं ठरलं होतं. त्यासाठी अक्कानं पालिकेच्या कार्यालयाच्या इतक्या खेपा घातल्या होत्या, की तिथला शिपाई तिला बघितल्याबरोबर खुर्ची पुसायचा. संक्रांत झाली आणि मंजुरी आली. आणि मंजुरी आल्यापासून अकरा महिने अक्कानं त्या चार ओळी दिल्या नाहीत.

मी तिला चिडवायचो. "अक्का, गोदामावर बत्तीस पानांची पुस्तिका तीन आठवड्यांत लिहिलीस. चार ओळींना वर्ष?"

"कमी लिहायला जास्त वेळ लागतो," ती म्हणायची.

"मी लिहून देऊ?"

"तू काने आणि वेलांट्या बघ."

आता काने आणि वेलांट्यांबरोबर ओळीही माझ्याकडे आल्या होत्या. सोमवारी दहा वाजेपर्यंत मजकूर देतो, असं मी इंजिनिअरना सांगितलं. त्यात मला काही अवघड वाटलं नाही. तिचं म्हणणं मला पाठ होतं. साऱ्या पेठेला पाठ होतं.

गोदाम बाहेरून बघायला गेलं तर काही नाही. काळ्या दगडाची लांबट इमारत, वर पत्रा, समोरच्या बाजूला बैलगाडी आत जाईल एवढं दार, आणि मागच्या बाजूला एक माणूस वाकून जाईल एवढं दुसरं. मागच्या दारातून सात पायऱ्या उतरल्या की तळ्याचं पाणी. उन्हाळ्यात त्याच्याही खाली आणखी पायऱ्या निघतात आणि मग चिखल. आमच्या लहानपणी तिथं सुताची गाठोडी असायची. त्याआधी कापूस असायचा, असं वडील सांगायचे. पुढं रेशनचं धान्य आलं आणि उंदीर आले. मग ते एका मंडपवाल्यानं घेतलं. कमानी, झुंबरं, नवरानवरीच्या लाल खुर्च्या. एका निवडणुकीत शाळेची मोडकी बाकं तिथं नेऊन टाकली, ती परत आलीच नाहीत. अक्काच्या वर्गाला जमिनीवर बसायची सवय लागली. थोडक्यात, ज्याला गावात जागा नाही ते त्या गोदामात, अशी पद्धत होती.

आत, मागच्या दाराशेजारी, भिंतीवर एक शब्द लिहिलेला आहे. निळ्या रंगात, हाताएवढ्या अक्षरांत. त्याच्या खाली एक बाण.

तो शब्द मला अक्कानं वाचायला लावला. मी सहा वर्षांचा असेन, ती बारा. वडील सूत घ्यायला यायचे आणि आम्ही दोघं दगडाच्या गारव्याला आत जाऊन बसायचो. मला नुकती अक्षरं लागायला लागली होती. अक्का म्हणाली, "वाच." मी बोट लावून वाचलं, "नी. ळ. ळु. नीळळू."

अक्का हसली. आधी थोडी आणि मग इतकी, की गाठोड्यावर आडवी झाली. "नीळळू म्हणजे काय रे?"

"मला काय माहीत? लिहिलंय."

"असा शब्दच नसतो. नीळ लिहिलंय, नीळ. पुढं कुणी तरी रेघोट्या मारल्यात."

त्या दिवसापासून मी घरात नीळळू झालो. भाकरी वाढताना नीळळू, अंघोळीला हाक मारताना नीळळू. मी दहावी पास झालो तेव्हा तिनं साऱ्या गल्लीत पेढे वाटले आणि माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाली, "घ्या, नीळळू सायेब." मी छापखान्यात लागलो तेव्हा तिनं मालकांसमोर विचारलं, "याला मुद्रितं तपासायला देणार? भिंतीवर नसलेलं अक्षर वाचतो हा." मालक हसले. मीही हसलो. चिडवणारं माणूस सहा वर्षांनी मोठं असलं की हसण्यावाचून इलाज नसतो.

मधल्या वर्षांत भिंतीचा गिलावा सुटला. 'नीळ' तेवढं राहिलं. पुढं काही असलं तर ते मंडपवाल्याच्या कमानी घासून घासून गेलं.

निवृत्त झाल्यावर अक्कानं त्या शब्दावर पुस्तिका लिहिली. तिचं म्हणणं असं: हे गोदाम मुळात निळीचं. सुताला निळा रंग द्यायचा तर नीळ पाहिजे, रंगवलेलं सूत धुवायला पाणी पाहिजे, म्हणून तळ्याचा काठ. मागच्या दाराच्या आत एक दगडी हौद आहे, तो नीळ भिजवायचा. फरशीला एका कोपऱ्यात निळसर झाक आहे, तो सांडलेला रंग. आणि भिंतीवर तर सरळ लिहिलेलंच आहे, तेही निळ्या रंगात. "याहून जास्त काय पुरावा देऊ, सही करून देऊ?" असं ती विचारायची.

फरशीवरची निळसर झाक मंडपवाल्याच्या रंगाच्या डब्याची आहे, असं मला वाटायचं. एकदा तसं म्हणालो. "सुम्निरु," ती म्हणाली.

पुस्तिकेचं शेवटचं मुद्रित तपासताना अकराव्या पानावर, 'भिंतीवर नीळ असा शब्द स्पष्ट वाचता येतो' या वाक्याशी, मी समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं, 'पुढे अक्षर?' अक्कानं माझ्या पेन्सिलीवर लाल शाईनं काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'नाही. नीळळूसाहेबांनी फक्त शुद्धलेखन पाहावे.' ते मुद्रित मी ठेवलं आहे. छापखान्यातल्या माणसाला मुद्रितं टाकवत नाहीत.

पुस्तिका छापली. शाळांच्या सहली गोदामावर येऊ लागल्या. अक्का दारात उभी राहून मुलांना विचारायची, "बाळांनो, इथं काय असायचं?" आणि साठ मुलं एका सुरात म्हणायची, "नीळ." त्या पत्र्याखाली तो आवाज फार मोठा व्हायचा. अक्काच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं, ते शाळेतल्या सगळ्या नोकरीत मी बघितलं नव्हतं. मीही मागं उभा राहून कधी कधी मुलांबरोबर म्हणायचो, "नीळ." तिला बरं वाटायचं.

रविवारी सकाळी मी तिची फाईल काढली. फलकाच्या मजकुराचं एखादं कच्चं टिपण तरी असेल, त्यावर काने-वेलांट्या बघू आणि देऊन टाकू, असा विचार होता. फाईलमध्ये कागद पुष्कळ निघाले. प्रत्येकावर वर तारीख, खाली रेघ, आणि मजकुराच्या जागी एकच शब्द: 'येथे'. एका कागदावर 'येथे पूर्वी'. त्यातलं 'पूर्वी' खोडलेलं. अकरा महिन्यांत अक्का 'येथे'च्या पुढं गेली नव्हती.

मी ते कागद टेबलावर रांगेनं मांडले आणि बराच वेळ बघत बसलो. माझी बहीण शब्दांना अडणारी नव्हती. ती रिक्षावाल्याला पत्ता सांगतानासुद्धा प्रस्तावना करायची.

शेवटी उठून गोदामाकडे गेलो. भिंतीकडे बघितलं तर सुचेल असं वाटलं.

गोदामासमोर चिंचेखाली एका बाईंची चहाची गाडी आहे. सगळे त्यांना मावशी म्हणतात; माझ्याहून त्या दहा वर्षांनी तरी लहान असतील, पण मीही मावशीच म्हणतो. घरी तेलुगू बोलणाऱ्या, विणकरांच्या घरातल्या. त्यांचे सासरे याच गोदामात हमाल होते. अक्का दर गुरुवारी गोदामाची चक्कर मारून त्यांच्याकडे चहा प्यायची आणि साखर जास्त झाली म्हणून तक्रार करायची.

मला बघून मावशींनी स्टोव्ह बारीक केला. बाक पुसलं. माझ्या हातात चहा दिला.

"गुरुवारी बाईंचा चहा ठेवला हुता," त्या म्हणाल्या. "साखर कमी टाकून. पयल्यांदाच कमी टाकली बगा."

मग त्यांनी विचारलं, "बोर्ड कदी लागतुय, अण्णा?"

"उद्या मजकूर द्यायचाय. अक्कानं काही लिहून ठेवलं नाही. आता मीच लिहितो, निळीचं गोदाम म्हणून."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. कप विसळायला घेतला, विसळला, पुन्हा विसळला. "म्हंजी बाईंनी सांगितलंच न्हाय तुमाला."

"काय?"

"नीळ कुटली हितं, अण्णा. नीळ्ळु लिव्हलंय त्ये."

मी कप बाकावर ठेवला.

"नीळ्ळु म्हंजी पानी. आमच्यात पान्याला नीळ्ळु म्हणत्यात. हितं कापूस असायचा न्हवं, पार पत्र्यापतूर. आग लागली तर हमालांनी कुटं पळायचं? ह्या मागल्या दारानं. म्हून सासऱ्यांनी लिव्हलं, नीळ्ळु, आन् खाली बाण काडला. त्यो हौद बी त्याचसाटी, भरून ठेवायचा. हमाल समदे आमच्यातले. पर सासरे मराठी शाळंत गेल्याले, तेलुगू लिवायला कुटं येत हुतं त्यांना? बोलनं तेलुगू, अक्षर मराठी. आन् निळा रंग काय, हुता म्हून लावला."

तळ्याच्या पायऱ्यांवर एक बाई कपडे आपटत होती, त्याचा आवाज येत होता. मी मावशींना विचारलं, हे त्यांनी आधी कधी सांगितलं का नाही.

"कुनी इचारलं न्हाय की. बाई शाळंची पोरं आणायच्या, नीळ नीळ करायच्या. मला वाटलं, शिकल्याली मानसं हायेत, आसंल काय तरी दुसरं. मग ह्या संक्रांतीला गड्ड्याची जत्रा उठली, मी गाडी परत हितं आणली, आन् बाई आल्या चाला. बोलता बोलता सासऱ्यांचा विषय निगाला. म्हून बोलून गेले."

"मग? अक्का काय म्हणाली?"

"कायच न्हाय. चा खाली ठिवला. मग म्हणल्या, पुन्हा म्हण. म्या म्हणलं, नीळ्ळु. आजून एकदा म्हण. चार-पाच डाव म्हणायला लावलं मला. मग म्हणल्या, साखर जास्त झालीय."

हे सांगताना मावशी हसल्या आणि पदरानं डोळे पुसले.

"जाताना म्हणल्या, तम्माला सांगू नको. मीच सांगीन. त्यानं माझ्या आदी वाचलाय, म्हणल्या. सहा वर्साचा आसताना. आन् त्यापुडं कदीबी आल्या की, चा नंतर, आदी पानी मागायच्या. नीळ्ळु दे, म्हणायच्या. आमच्यावानी जमत न्हवतं त्यांना. ळ लई जोरात यायचा."

मी उठून आत गेलो. गोदाम डागडुजीसाठी रिकामं केलेलं होतं. मागच्या दाराशी, नीळच्या पुढं, गिलावा गेलेल्या जागी दगडावर अगदी जवळून बघितलं तर निळ्या रंगाचा एक ठिपका आहे. उकारासारखा. असेल किंवा नसेल. मी चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. आयुष्यभर पुसट अक्षरांवरून वाद घातलेला माणूस मी. त्या ठिपक्याची खात्री मला देता येणार नाही. पण त्याच्या खालचा बाण मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. तो दाराकडे जातो. दारातून सात पायऱ्या आणि पाणी. निळीला बाण कशाला लागेल, हा प्रश्न अक्काला पडला नाही, मला पडला नाही, बत्तीस पानांत कुठं आला नाही, आणि साठ-साठ मुलांच्या सहलींतल्या एकाही मुलानं विचारला नाही. आम्ही सगळे अक्षरं वाचत होतो.

आणि तिथं उभं असताना मला आठवलं, की संक्रांतीपासून अक्कानं मला एकदाही नीळळू म्हटलं नव्हतं. जन्मभराचं चिडवणं बंद झालं आणि मला समजलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं, वय झालं तिचं, मऊ झाली.

घरी परत जाताना माझ्यापुढं एकच गोष्ट होती. फलकावर तिचं नाव जाणार. नीळ लिहिली तर तिच्या नावाखाली खोटं जाईल, आणि ते खोटं आहे हे तिला माहीत होतं. पाणी लिहिलं तर तिच्याच फलकावर तिची पुस्तिका खोटी पडेल. सहलींना आलेली मुलं आता मोठी झाली आहेत, संध्याकाळी तळ्यावर फिरायला येतात, ती वाचतील आणि हसतील. अक्काला चिडवायचा हक्क जगात एकट्या मला होता आणि मी तो फारसा वापरला नव्हता. तो असा सगळ्या गावाला वाटून द्यायचा का, एवढंच ठरवायचं होतं.

ती असती तर काय केलं असतं, हे मला ठाऊक नाही. अकरा महिन्यांत तिलाही ते ठरवता आलं नाही. 'मीच सांगीन' म्हणाली होती. रोज सकाळी चहाला ती माझ्यासमोर बसायची. काही सकाळी ती, "तम्मा," म्हणून थांबायची. मी पेपरातून वर बघायचो. मग ती म्हणायची, "चष्मा कुठं ठेवला रे मी?" चष्मा बहुधा तिच्या कपाळावर असायचा. मी तो दाखवायचो आणि ती म्हणायची, "सुम्निरु." त्या गुरुवारी मात्र तो खरोखरच आतल्या खोलीत होता. मी गेलो, आणि आणला.

सोमवारी दहाला मी कार्यालयात गेलो. शिपायानं खुर्ची पुसली. इंजिनिअरनी मजकूर वाचला, मग पुन्हा वाचला.

"सर, हे वेगळं आहे. मॅडम तर नीळ म्हणायच्या."

"शेवटी शेवटी म्हणत नव्हत्या."

"पण सर, आपली सगळी थीम ब्लू आहे. भिंतीला ब्लू रंग, ब्लू लाइट. आतून तो शब्द प्लास्टर करून तिथं निळीच्या झाडाचं चित्र काढणार होतो. आर्टिस्टला सांगितलंय." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि मॅडमचं चुकलं असं दिसेल की, सर. कुणाला माहीत नाही. राहू दे ना नीळ. ऐकायला पण बरं वाटतं."

मला त्या मुलाचं वाईट वाटलं नाही. रविवारी रात्री झोपताना मीही अगदी हेच म्हणत होतो, याच शब्दांत.

"तो शब्द प्लास्टर करू नका," मी म्हणालो. "त्याच्यावर काच लावा. निळं पाहिजे तर बाकी सगळं निळं करा. पाणीही निळंच दाखवतात चित्रात."

ते हसले. "मॅडम असत्या तर भांडल्या असत्या."

"भांडल्या असत्या. 'येथे' या शब्दानं सुरुवात करा, हे तेवढं त्यांनी लिहून ठेवलंय."

मजकूर चार ओळींत बसला. येथे कापूस व सूत साठवले जात असे. भिंतीवरचा शब्द 'नीळ्ळु' असा वाचावा. तेलुगूत त्याचा अर्थ पाणी. आग लागल्यास मागच्या दाराने तळ्याकडे जावे, हे सोबत्यांना सांगण्यासाठी येथील एका हमालाने तो मराठी अक्षरांत लिहिला. पूर्वी तो 'नीळ' असा वाचला जात होता. खाली 'संशोधन' या शब्दापुढं अक्काचं नाव, आणि शेजारी मावशींच्या सासऱ्यांचं. माझं नाव घालायचं का, असं इंजिनिअरनी विचारलं. मी नको म्हणालो. माझं वाचन सहाव्या वर्षाचं आहे. त्यानंतर साठ वर्षं मी चूक वाचत होतो.

मावशींना मी फलक वाचून दाखवला. सासऱ्यांचं नाव ऐकून त्या म्हणाल्या, "आता त्ये बी बाईंच्या शेजारी बसले व्हय? जपून ऱ्हावं म्हणावं. चुका काडत्याल बाई."

गेल्या महिन्यात एक सहल आली होती. मी बाकावर चहा घेत बसलो होतो. शिक्षिका नवीन होत्या, त्यांनी फलक वाचला आणि मुलांना विचारलं, "इथं काय लिहिलंय सांगा बरं." मुलांनी एका सुरात काहीतरी म्हटलं. नीळळू म्हटलं, असं मला ऐकू आलं. एक मुलगी मोठ्यानं हसली, असा कुठं शब्द असतो का म्हणाली. शिक्षिकांनी तिला गप्प केलं. मला वाटलं, हसू द्यायला हवं होतं.

गोदामात आता तळ्यातल्या पायडलच्या बोटी ठेवतात, हंसाच्या आकाराच्या. सहा आहेत, त्यातल्या दोन गळतात. त्या मागच्या दारानं नेता येत नाहीत, कारण ते दार माणसाच्या मापाचं आहे, म्हणून पुढच्या दारानं काढून वळसा घालून पाण्यात नेतात. शब्दावर काच आहे. बाण काचेच्या बाहेर राहिला आहे. फलकावर 'ळ्ळु' नीट उमटलेला नाही. मी दोनदा सांगून पाहिलं.

पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींचे दोन गठ्ठे आमच्या माळ्यावर आहेत. मी एक शुद्धिपत्र छापून घेतलं आहे: पान अकरा, ओळ चार, 'नीळ'ऐवजी 'नीळ्ळु' वाचावे. सकाळच्या चहानंतर थोड्या थोड्या प्रतींना ते डिंकानं चिकटवतो. एक गठ्ठा झाला आहे. एक राहिला आहे.